दोन पाट्या माती

सोनशिरंब्याच्या आमच्या घराण्यात वाटणी झाली ती जमिनीवरून नाही, फेट्यावरून. दोघा भावांच्या बहिणीच्या, रंगुबाईच्या, लेकीच्या लग्नात, सांगलीला, आहेराचा फेटा आधी धाकट्या लालासाहेबांच्या डोक्यावर चढला आणि थोरले कृष्णात आबा तळहातावर सुपारी घेऊन बघत राहिले. बांधणाऱ्याच्या मनात काही नव्हतं. लालासाहेब पुढे बसले होते, त्यांचं डोकं मोठं, ते आधी हाताला लागलं. पण मानपानात आमच्याकडे चूक नसते, कट असतो. आबा न जेवता मांडवातून उठले आणि लग्नाची हळद उतरायच्या आत पंच बोलावून घराची, गोठ्याची, रानाची वाटणी मागून मोकळे झाले.

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. पण आबांनी भैरोबापुढे बेलभंडारा उचलला.

"मी, माझी बायकू, माझी पोरं, माझं जनावर, कुणाचं पाऊल लालाच्या बांधाच्या आत पडायचं न्हाई!"

लालासाहेबांना आयत्या वेळी काही सुचेना. त्यांनीही भंडारा उचलला आणि म्हणाले, "माझं बी तसंच."

देवानं ऐकलं, गावानं ऐकलं. कोंबड्यांनी तेवढं ऐकलं नाही. आबांच्या कोंबड्या खुशाल लालासाहेबांच्या परड्यात जाऊन अंडी घालून येत आणि त्यावरून रोज एक भांडण होई. पण माणसांनी शपथ पाळली. अडचण झाली ती वरल्या रानाची. शाळू निघाला की त्या रानात पोरं फुटबॉल खेळत. पंचांची दोरी त्याच्या नेमकी मधून गेली. मावळतीकडचा अर्धा आबांना आला, उगवतीकडचा लालासाहेबांना. आणि कृष्णाकाठ लीगच्या यादीत सोनशिरंब्याचं मैदान म्हणून नाव लागलं होतं ते त्याच रानाचं, पुऱ्याचं.

या लीगबद्दल आमच्या घरात अजूनही प्रत्येकजण वेगळं सांगतो. खरं इतकंच, की लढाई संपून इटलीतून परतलेल्या जवानांना गावात करमेना. कवायत करून दाखवावी तर म्हातारी माणसं हसत. तेव्हा कराडच्या बाजारात, चहाच्या बाकड्यावर बसून, त्यांनी सहा गावांची लीग काढली. चार संघ खालसातले, म्हणजे इंग्रजी मुलखातले, दोन सांगली संस्थानातले. म्हणजे सामन्याला जाताना राज्य ओलांडून जायचं. सगळ्या लीगमध्ये धड बॉल एकच. तो सर्व्हिस मोटारीनं गावोगाव जाई, कुणाच्या तरी मांडीवर बसून. पहिल्या वर्षी एक सामना अर्ध्यावर थांबला, कारण शेजारच्या गुऱ्हाळाची काहील उतरली आणि दोन्हीकडचे खेळाडू गरम गूळ खायला गेले. दुसऱ्या वर्षी मात्र नियम झाले. प्रत्येकानं एक सामना आपल्या गावात घ्यायचा, आणि जो संघ तळाला राहील त्यानं लीग सोडायची.

सत्तेचाळीस सालच्या फाल्गुनात तळाला होतो आम्ही. शेवटचा सामना सांगलीकरांशी, वरल्या रानात. निदान बरोबरी हवी होती.

*

विहीर वाटता येत नाही म्हणून ती सामाईक राहिली होती आणि म्हणून दोन्ही जावांचं बोलणं चालू राहिलं होतं. सामन्याच्या दिवशी सकाळी थोरल्या शालूबाई घागर बुडवत होत्या, तेवढ्यात धाकट्या राहीबाई आल्या आणि कळशी खाली ठेवून डोळ्याला पदर लावून उभ्या राहिल्या.

"काय झालं गं राही?"

"बाळासो चालला, बाई."

"कुठं?"

"म्हमईला. गोदीत. त्याच्या पलटणीतला कोण हाय तितं. म्हणतोय, आज हारलो, लीग सुटली, की सोमवारची गाडी धरतो. म्हणतोय, घरात ह्येच्याशी बोलू नगं, त्येच्याकडं बघू नगं. बॉल खेळतोय तवर मानसिंगाशी चार शब्द तरी हुत्यात. त्ये बी गेल्यावर हितं ऱ्हाऊन करू काय?"

शालूबाईंची घागर भरून बुडली तरी त्यांनी दोर ओढला नाही. मानसिंग त्यांचा, बाळासो राहीचा. पण दोघांना एकीनंच वाढवलेलं. राही बाळंतपणात आजारी होती तेव्हा शालूबाईंनी दोघांना मांडीवर घेतलं होतं. दोघे एकाच दिवशी पलटणीत भरती झाले, एकाच बोटीनं गेले आणि देवाच्या दयेनं एकाच बोटीनं परत आले. लढाईनं न केलेली ताटातूट एका फेट्यानं व्हावी याचा शालूबाईंना इतका संताप आला, की त्यांनी घागर एका हिसक्यात वर आणली.

"रडू नगंस. हारतोय कशापायी? तू मटण किती टाकलंयस?"

"अर्धा बकरा."

"मी बी अर्धा."

पाहुण्या संघाला जेवू घालायची लीगची रीत होती. वाटणीमुळे आमच्याकडे दोन चुली, दोन पातेली आणि एकाच बकऱ्याचे दोन तुकडे झाले होते. सांगलीकरांना दोन्ही अंगांनी जेवावं लागणार होतं.

*

मानसिंग आपल्या अर्ध्यात आणि बाळासो आपल्या अर्ध्यात उभा राहून मधल्या रेषेवर चुना टाकत होते. रेषा टाकण्याच्या निमित्तानं दोघांना जवळ चालता येई, म्हणून ती रेषा तीनदा टाकून झाली होती.

"ह्ये बघ," मानसिंग म्हणाला, "पयल्या हापात आपण मावळतीला गोल मारायचा. म्हंजे मी न् माझं दोन भाऊ फुडं. तू न् तुझं दोन मागं राखायला. झकास."

"आन् दुसऱ्या हापात?"

दुसऱ्या हापात बाजू बदलतात. गावात गोल मारावा तर त्यानं, आणि अडवावा तर बाळासोनं. बाजू बदलल्या की मारणारा मागं राहणार आणि अडवणारा पुढं जाणार. बाळासोला बॉल लांब मारता येई. कुठं, ते बॉलच्या मर्जीवर.

"पयल्या हापातच चार मारू," मानसिंग म्हणाला.

"गोलात नानासो हाय त्यांच्या."

नानासो म्हणजे रंगुबाईचा मुलगा. दोघांचा आतेभाऊ. लांब हातांचा.

"तुज्या बॅगंत कापडं भरलीस म्हणं?" मानसिंगनं खाली बघत विचारलं.

"भरली."

"काढून ठेव. मी हाय की."

"तू हायस रं गड्या, पर रेषेच्या त्या अंगाला हायस," बाळासो म्हणाला आणि चुन्याची पाटी घेऊन निघून गेला.

*

सांगलीकर ट्रकमधून आले. ट्रकमधून आधी उतरल्या रंगुबाई, कारण गोलकीपरची आई म्हणून त्या ड्रायव्हरशेजारी बसल्या होत्या. उतरल्या त्या सरळ चुन्याच्या रेषेवर येऊन थांबल्या, एक पाय इकडे, एक पाय तिकडे.

"मला शपथ न्हाई," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "माझी दोन्ही म्हायरं हायती. कोण च्या देतंय ते सांगा."

दोन्हीकडून कपबशा आल्या. दोन्ही एकेका घोटात संपल्या.

लालासाहेब आपल्या गोलामागे घोंगडं टाकून बसले होते. समोर, पार त्या टोकाला, आपल्या बाजेवर दादा, म्हणजे आबा, बसलेला त्यांना दिसत होता. वाटणी झाल्यापासून लालासाहेबांची फार ओढाताण चालली होती. आजवर शाळू कधी पेरायचा ते दादा ठरवी, आणि दादाचं कसं चुकलं ते लालासाहेब सांगत. आता ठरवायचंही स्वतः आणि चुकायचंही स्वतः. कुणाला नावं ठेवावीत तेच कळत नव्हतं. दादाची आठवण येते असं त्यांनी राहीबाईंना एकदाच सांगितलं होतं, तेही खोकल्याचं निमित्त करून.

आबांचंही सुख काही वेगळं नव्हतं. त्यांना भांडायला माणूस उरला नव्हता. शालूबाई भांडत नसत, नुसत्या बघत, आणि ते जास्त लागे. बाजेवर बसून त्यांनी तोंड उसाच्या फडाकडे केलं होतं. आपण सामना बघत नाही हे सगळ्यांना दिसावं म्हणून. पण मान दुखायला लागली तेव्हा त्यांनी बाजच फिरवून घेतली.

*

पंच होते सुभेदार तात्याबा. मिशा पांढऱ्या, शिटी पितळी. त्यांनी शिटी वाजवली आणि सामना सुरू झाला तो असा, की सांगलीचा कप्तान पाचच मिनिटांत चक्रावून गेला. तो एका हायस्कुलात ड्रिल मास्तर होता आणि फुटबॉल पुस्तकातून शिकला होता. आमचे तीन गडी पुढच्या अर्ध्यातून मागे येतच नव्हते. बॉल रेषेपलीकडे गेला की रेषेवर येऊन, दाव्यानं बांधल्यासारखे जागच्या जागी थांबत आणि पलीकडच्या तिघांना ओरडून सांगत. ते तिघेही रेषेपर्यंत धावत येत आणि तिथून बॉल फेकल्यासारखा मारत. ये-जा करत होते ते उरलेले चौघे, आणि त्यांची जीभ बाहेर आली होती.

"ह्यो कसला डाव म्हणायचा?" कप्तानानं सुभेदारांना विचारलं.

"इटलीचा असंल," सुभेदार म्हणाले. त्यांनाही शपथेचं ठाऊक नव्हतं. "तिकडनं लय काय काय घिऊन आल्यात ही पोरं."

कप्तानानं आपल्या तिघांनाही रेषेवर थांबायला सांगितलं. थोडा वेळ सहा माणसं रेषेच्या दोन्ही अंगांना नुसती एकमेकांकडे बघत उभी होती.

पहिल्या हापात मानसिंगनं जिवाचं रान केलं. पण नानासो बाभळीच्या दोन खांबांमध्ये असा पसरला होता, की सगळं त्याच्या अंगावरच जाऊन आदळे. प्रत्येक वेळी अडवला की तो बाजेकडे वळून म्हणे, "मामा, माफ करा हां." आबा न ऐकल्यासारखं करत.

दुसऱ्या हापात व्हायचं तेच झालं. बाळासो पुढं गेला आणि बॉल उसात मारू लागला. मानसिंग मागं राहिला आणि त्याच्या पायांमधून सांगलीकरांनी गोल केला. रंगुबाईंनी टाळी वाजवली, मग दोन्ही भावांकडे बघून पदरानं तोंड पुसलं.

शेवट जवळ आला. बाळासोला बॉल मिळाला आणि या खेपेला, कसा कोण जाणे, तो सरळ गोलाकडे निघाला. सांगलीच्या दांडग्या गड्यानं मागून त्याचे दोन्ही पाय उचलले. बाळासो आपटला, गुडघा धरून बसला. सुभेदारांची शिटी वाजली आणि त्यांनी बोट दाखवलं.

पेनल्टी. बरोबरी हातात आली होती. पण बाळासोला उभं राहवेना. त्याच्या दोन धाकट्या भावांना थांबलेल्या बॉलची भीती वाटे. बाकीचे आभाळाकडे बघू लागले. सगळं गाव एकच नाव ओरडायला लागलं आणि मानसिंग रेषेवर येऊन थांबला. बॉल होता लालासाहेबांच्या रानात, पार आत.

"या की फुडं!" सुभेदार ओरडले.

"जाता येत न्हाई," मानसिंग म्हणाला आणि त्याचा आवाज चिरकला.

तेव्हा सुभेदारांना शपथेची गोष्ट कळली. सांगलीच्या कप्तानालाही कळली. इटलीचा डाव समजून रेषेवर गडी उभे करणारा तो बिचारा खालीच बसला.

*

हे सगळं शालूबाई ऐकत होत्या. बाळासो जमिनीवर बसून मानसिंगकडे बघत होता आणि ते बघणं त्यांना सोसवेना. भैरोबाची शपथ मोडायची नाही, ते त्यांनाही मान्य होतं. पण देवाला हिशेबात धरून काही करता आलं तर देव नको म्हणत नाही, असा त्यांचा जन्माचा अनुभव होता.

"राही!" त्यांनी हाक मारली. "दोन पाट्या आण!"

"कशापायी?"

"आण तर!"

शालूबाई आपल्या अर्ध्यात वाकल्या आणि दोन्ही हातांनी भराभरा माती ओढून पाटी भरली. रेषेवरून पाटी राहीबाईंच्या हातात दिली. राहीबाईंना उमगलं आणि त्या रडता रडता हसायलाच लागल्या. पाटी डोक्यावर घेऊन पळत गेल्या आणि बॉलच्या मागे ओतली. मग दुसरी. पायानं थोपटून घोंगड्याएवढी जागा केली.

"मानसिंगा," शालूबाई म्हणाल्या, "ही तुज्या बापाच्या रानाची माती. तिच्यावर हुबा ऱ्हा न् मार. पाऊल आपल्याच रानात."

गावानं आरोळी ठोकली. सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला.

"नेमात बसतंय?" कप्तानानं विचारलं.

"बॉलखाली नगं. पायाखाली चालंल," सुभेदार म्हणाले. असा नियम त्यांनी त्याच घटकेला केला.

बाळासोच्या दोघा भावांनी मानसिंगला नवरदेवासारखं उचललं आणि त्याचे पाय खाली न लागू देता नेऊन मातीवर उभं केलं. एवढ्यात लालासाहेब घोंगड्यावरून उठले.

"थांबा! ही माती माझ्या रानात पडली. उद्या दादा म्हणंल माती माझी, तवा खालचं रान बी माझं! पंच बोलवा!"

आणि मावळतीच्या टोकाकडून आबांचा आवाज आला, "माझी माती! इचारल्याबिगर! मावळतीची काळीभोर माती न् लालाच्या खडकात ओतली! शालू, तुला अक्कल हाय का?"

आबा बाजेवरून उठले. धोतराचा सोगा हातात धरून निघाले ते तरातरा, मैदानाच्या मधून. जाता जाता सांगलीच्या एका गड्याला बाजूला केलं. रेषा आली. आबांच्या वहाणेखाली चुना पुसला गेला आणि आबा पुढे आले, तसेच, थेट, मातीच्या ढिगापाशी.

"उतर खाली!" ते मानसिंगला म्हणाले. "भरा ती पाटीत! एक एक ढेकूळ भरा!"

सगळं गाव आबांच्या पायांकडे बघत होतं.

लालासाहेबही बघत होते. त्यांना दादाला हाक मारायची होती. या वेळी खोकल्याचं निमित्तही करता येईना.

"दादा," ते हळू म्हणाले, "तू माझ्या रानात हुबा हायस."

आबांनी खाली पाहिलं. मग मागे वळून रेषेकडे पाहिलं. रेषा फार लांब राहिली होती. त्यांचा चेहरा असा झाला, की हसू येणाऱ्यालाही हसवेना. एक पाय उचलून ते तसेच उभे राहिले. पण उचललेला पाय ठेवणार कुठं? चारी बाजूंना लालाचंच रान.

"ठेव खाली," लालासाहेब म्हणाले. "पडशील. आन् आलाच हायस तर जेवून जा."

आबांनी पाय ठेवला.

"देवाला काय सांगायचं?" त्यांनी विचारलं. असा बारीक आवाज त्यांचा कुणी ऐकला नव्हता.

"नारळ दिऊ. दोघं मिळून दिऊ. देव काय परका हाय?"

रंगुबाई रेषेवर मटकन बसल्या आणि मोठ्यानं रडायला लागल्या. रडता रडता त्या, लग्नात तो फेटा बांधणाऱ्या आपल्या नवऱ्याला शिव्या देत होत्या.

*

या गडबडीत सुभेदारांनी शिटी वाजवली. अंधार पडायच्या आत कराड गाठायचं होतं त्यांना.

"मातीवरनं उतर की!" बाळासो ओरडला. "आता काय गरज?"

पण मानसिंगच्या कानात काही शिरत नव्हतं. बाप आणि चुलता शेजारी उभे आहेत, हे त्याला वाटणी झाल्यापासून पहिल्यांदा दिसत होतं आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तसाच तो मारायला गेला. डावा पाय भुसभुशीत मातीत घोट्यापर्यंत रुतला, उजवा आभाळात गेला आणि मानसिंग पाठीवर पडला. बॉलला नखाचा धक्का लागला असेल. तो निघाला. सावकाश, लंगड्या म्हशीसारखा. नानासो वाट बघत उभा राहिला. सगळं गाव वाकून बॉलला पुढं बोलवत होतं. बॉल आला, आला, आणि गोलाच्या रेषेच्या वीतभर अलीकडे एका ढेकळाला टेकून थांबला.

"मामा," नानासोनं अदबीनं विचारलं, "उचलू का आता?"

सामना संपला. सोनशिरंबे लीगबाहेर गेलं. मानसिंग मातीत तसाच पडून राहिला. बरोबरी आपल्या पायात होती आणि आपण ती घालवली. आता सोमवारी बाळासो जाणार. त्याला उठावंसंच वाटेना.

पंगत लालासाहेबांच्या अर्ध्यात बसली. जावांनी दोन्ही पातेली एकात एक ओतली. सांगलीकर मुकाट्यानं रस्सा ओरपत होते, कारण मधे बोलायला जागाच नव्हती.

"भुसभुशीत माती!" लालासाहेब म्हणत होते. "मी कवाचं सांगतोय दादा, तुझ्या अंगाची माती हलकी. माझ्या रानात हुबा राहून मारता तर गोल हुता!"

"हलकी?" आबांनी भाकरीचा तुकडा तसाच हातात धरला. त्यांचा चेहरा उजळला होता. "त्या मातीत गूळ पिकतोय, गूळ! तुझ्या खडकात गोटं पिकत्यात! उद्याच्याला माझी माती मला माघारी पायजे. मानसिंग न् बाळासो, दोघांनी बसून निवडायची. माझी माझ्याकडं."

"निवडा! खुशाल निवडा! पर माझा एक खडा जरी तिकडं गेला ना..."

"वाढ गं दोघास्नी, राही!" कुणीतरी ओरडलं. पण भांडण इतकं रंगात आलं होतं, की दोघांच्या ताटात वाढलेलं कुणी कुणाचं खाल्लं ते त्यांना कळलं नाही.

बाळासो लंगडत ढिगापाशी आला आणि मानसिंगच्या शेजारी बसला.

"मंग," मानसिंगनं विचारलं, "सोमवारी गाडी?"

"ऐकलंस न्हवं? माती निवडायची हाय." बाळासोनं मूठभर माती उचलून तळहातावर पसरली. काळी, तांबडी, खडा, शाळवाचं धसकट. "ह्यातली आबांची कुठली आन् माझ्या बापाची कुठली?"

"काय ठावं."

"किती दिस लागतील रं?"

मानसिंगनं पंगतीकडे पाहिलं. तिकडे दोघे भाऊ एका तांब्यातून पाणी पीत होते आणि पिताना थांबून भांडत होते. कुणाचं लक्ष नव्हतं. मानसिंगनं पाय लांब केला आणि टाचेनं तो ढीग आणखी लांबवर पसरून खालच्या मातीत मिसळून टाकला.

बाळासोनं आपला धड पाय पुढे केला आणि दुसऱ्या बाजूनं तेच करायला लागला.